वस्तरा तुमचा, डोकं आमचं

वसई-विरार पट्ट्यातल्या सर्व सलूनमालकांना आणि खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या कारागीर बांधवांना,



मी कळंबची. नोकरी मुंबईत. म्हणजे सकाळी निर्मळमार्गे नालासोपारा स्टेशन गाठायचं आणि लेडीज डब्यात शिरायला मिळेल तिथे शिरायचं. वय पन्नाशीच्या अलीकडचं. माझं डोकं पूर्ण भादरलेलं असतं. नवस बोललेला नाही, आजार नाही, घरात सगळे खुशाल आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमच्या मनात तेच येईल. डब्यातल्या बायकांच्याही येतं.

धीट असते ती सरळ विचारते, "तिरुपतीला जाऊन आलात?" मनाने मऊ असते ती जवळ सरकून हळूच विचारते, "ट्रीटमेंट चालू आहे का?" तिसरी काहीच विचारत नाही, फक्त तिची नजर एकदा माझ्या गळ्याकडे जाते. मंगळसूत्र दिसलं की ती गोंधळते, आणि नसतं दिसलं तर काय समजली असती ते मला कळतं. देव, दुखणं आणि मरण, बाईच्या टकलाला आपल्याकडे एवढेच तीन दाखले चालतात. "मला आवडतं म्हणून" हा चौथा दाखला दिला की समोरची हसते आणि खरं कारण कळायची वाट बघत बसते.

पुरुषाला हे कोणी विचारत नाही. उन्हाळा आला, काढले. केस विरळ झाले, काढले. कुठल्या तरी खेळाडूने काढले म्हणून याने काढले. तुमच्या खुर्चीत बसून तो नुसता "झिरो मार" म्हणतो आणि मोबाइल बघू लागतो.

हे पत्र महिला मंडळाला किंवा एखाद्या मंत्र्याला न लिहिता तुम्हाला लिहिते, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, बाईच्या केसांचा निर्णय घरात, देवळात, शाळेत कुठेही होवो, त्याची अंमलबजावणी शेवटी तुमच्या हातून होते. दुसरं, मराठी बाईच्या केसांच्या इतिहासातलं एक फार मोठं काम तुमच्या धंद्यातल्या माणसांनी केलेलं आहे, आणि ते ना तुमच्या दुकानातल्या भिंतीवर दिसतं, ना आमच्या पाठ्यपुस्तकात. संत सेना महाराजांची तसबीर तुम्ही लावता, जिवा महालांचं नाव अभिमानाने घेता. त्यांच्या शेजारी 1890 सालही लिहून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या काळी ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन करत. आमच्यासारख्या अनेक समाजांत विधवेचा पाट लागत असे, त्यामुळे आमच्या घरात कोणाचं वपन झालेलं ऐकिवात नाही. पण ज्यांच्याकडे ते होतं, त्यांच्याकडे ते एकदाच होऊन संपत नसे, हे मला खूप उशिरा कळलं. पंडिता रमाबाईंनी 1887 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवलं आहे की दख्खनच्या ब्राह्मणांत विधवेचं डोकं दर पंधरवड्याला भादरलं जाई. हिशेब करून बघा. दहाव्या-बाराव्या वर्षी विधवा झालेली पोर सत्तरीपर्यंत जगली, तर तेवढी सगळी वर्षं दर पंधरा दिवसांनी तिच्यापुढे तोच वस्तरा. मध्ये कोणी तिला विचारणार नाही, आणि तिने नको म्हटलं तर ते मोजलं जाणार नाही.

याला आधारही शोधून ठेवलेला होता. विधवेने वेणी बांधली तर परलोकात तिचा नवरा बांधला जातो, असं काशीखंडातलं एक वचन सांगत. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी सोवळ्यातल्या कामाला चालत नसे. डोक्यावरून आलवण, म्हणजे विधवेचं लाल वस्त्र, ओढून तिने माजघराच्या आत राहायचं. ती कोणाच्या नजरेत भरू नये, तिला स्वतःलाही आरशात बघावंसं वाटू नये, हा यामागचा हेतू झाकलेला नव्हता.

पण एक अडचण होती. वपन सांगणारे भटजी आणि ते करवून घेणारे सासरे-दीर स्वतः वस्तरा धरत नसत. त्यासाठी नाभिकाला बोलवावं लागे. शास्त्र त्यांचं, वस्तरा तुमच्या पणजोबांचा, डोकं तिचं. तिघांपैकी बोलायची मुभा फक्त पहिल्याला होती. गावगाड्यात नाभिक बलुतेदार होता. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर त्याचं वर्ष निघायचं. ज्या घरी वपनाला नाही म्हणायचं, त्याच घरच्या खळ्यावर बलुतं मागायला जायचं, म्हणून तो गप्प राहत असणार.

या तिघांतला वस्तरा धरणारा माणूस जोतीराव फुल्यांनी नेमका हेरला. पुण्यात 1863 साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हापासून वपन झालेल्या मुलींचं जगणं ते दोघं घरातच पाहत होते. पुढे 1884 मध्ये समाजसुधारक मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी सरकारला सुचवलं, की कोणत्याही न्हाव्याला ब्राह्मण विधवांचं डोकं भादरू देऊ नये. धर्मशास्त्राशी वाद घालत बसण्यापेक्षा हत्यारच बंद पाडावं, असा तो रोकडा विचार होता. सरकारने अर्थातच तो मनावर घेतला नाही.

मनावर घेतला तो तुमच्या लोकांनी. मुंबईत 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं वपन आपण करायचं नाही, असं ठरलं. लोखंडे आपल्या ठाण्याचे, जन्म 1848 चा. सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. कामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली, ती लढाईही त्यांचीच. लोकलच्या गर्दीतून सुटलेला आपला रविवार आणि बाईच्या डोक्यावरून उचललेला तो वस्तरा, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या खटपटी आहेत.

वपन न करण्याचा हा संप मुंबईत उभा राहिला यालाही कारण दिसतं. शहरातल्या नाभिकाला पैसे रोख मिळत, तो कोण्या एका घरच्या खळ्यावर अवलंबून नव्हता. पोटाची दोरी सैल झाली आणि नाही म्हणता आलं. तरीही त्यात नुकसान होतंच. दर पंधरवड्याचं हक्काचं काम सोडणं म्हणजे काय, हे महिन्याचं दुकानभाडं भरणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

वपन त्या संपाने थांबलं नाही. विसाव्या शतकातही ते चालू राहिलं. संपाच्याच सुमारास 'करमणूक'मधून हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येत होती, आणि तिच्यातल्या विधवा यमूच्या केसांचं शेवटी काय होतं हे वाचून मराठी घरं हादरत होती. आगरकर 'सुधारका'त या चालीवर तुटून पडत होते. पण लेख लिहिणं वेगळं आणि हातातलं काम खाली ठेवणं वेगळं. ज्याच्या हातात हत्यार आहे त्यानेच "ही बाई राजी नाही, मी करणार नाही" असं म्हणणं, हे तिथे घडलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, इतिहास पटला, पण तुमचं काय? आधीच्या पिढ्यांतल्या बायकांनी जे डोकं वाचवायला जन्म घालवला, तेच तुम्ही हौसेने भादरता?

हा प्रश्न मला एका आजींनीही विचारला होता, आणि तो रागाने नव्हता, काळजीने होता. त्याचं उत्तर पार्वतीबाई आठवल्यांच्या आयुष्यात आहे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांची ही बहीण. तरुणपणी वैधव्य आलं, वपन झालं, आणि तशाच डोक्याने त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी, स्वतः विचार करून, त्यांनी वपन बंद केलं आणि केस वाढू दिले. टीका झाली, ती त्यांनी सोसली, आणि 1928 च्या 'माझी कहाणी'त त्याविषयी मोकळेपणी लिहिलं. पंडिता रमाबाईंची छायाचित्रं पाहा. त्याही विधवा. पण डोकं भादरलेलं नाही आणि अंबाडाही नाही. केस आखूड कापलेले. एकीने वाढवले, दुसरीने आखूड ठेवले. दोघींनी केलं ते एकच, निर्णय दुसऱ्याच्या हातून काढून घेतला. मीही तेवढंच करते. माझ्या डोक्यावर आज वस्तरा फिरतो तो मी बोलावलेला असतो, आणि मी थांब म्हटलं की तो थांबतो. आलवणाखालच्या त्या पोरीत आणि माझ्यात फरक केसांचा नाही, वस्तरा कोणी बोलावला याचा आहे.

शिवाय स्वखुशीने मुंडन करणाऱ्या बायका आपल्या मातीला नव्या नाहीत. नालासोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. कळंबहून स्टेशनला जाणारी आपली माणसं त्याच्या जवळूनच जातात. सोपारा म्हणजे अपरान्ताचं मोठं बंदर. अशोकाच्या काळात अपरान्तात धम्मरक्खित नावाचा थेर, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्खू, धर्मोपदेशाला आला, आणि त्याचं ऐकून क्षत्रिय कुळांतल्या हजार पुरुषांनी आणि त्याहून जास्त स्त्रियांनी प्रव्रज्या घेतली, असं सिंहलद्वीपाचा महावंस सांगतो. आकडा तुम्ही सोडून द्या, जुन्या ग्रंथांतले आकडे फुगलेले असतात. पण पुरुषांपेक्षा बायका जास्त, ही नोंद लिहिणाऱ्याला करावीशी वाटली. प्रव्रज्या म्हणजे आधी मुंडन. पलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींचे शिलालेख आहेत. म्हणजे या किनाऱ्यावर स्वतःच्या मनाने केस उतरवणाऱ्या, स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या बायका दोन हजार वर्षांपूर्वी वावरत होत्या. त्यांचा मार्ग वैराग्याचा होता, माझा नाही. मला साडी आवडते, मोठं कानातलं आवडतं, आणि उघड्या डोक्यावर ते जास्त खुलून दिसतं असं माझं मत आहे. पण "हे आपल्यातलं नाही, बाहेरून आलेलं फॅड आहे" असं कोणी म्हणालं, तर मी त्याला कोटाकडे बोट दाखवते.

सिनेमानेही हा विषय अजून मोकळेपणी घेतलेला नाही. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'त राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमींनी खरोखर डोकं भादरलं, आणि ते रूप किती रुबाबदार दिसू शकतं हे सगळ्यांनी पाहिलं. पण ती भूमिका विधवेची होती. त्याआधी 1965 ची मिस इंडिया, आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, 1979 च्या हॉलिवूडच्या 'स्टार ट्रेक'मध्ये पूर्ण टक्कल करून झळकली. ती मात्र परग्रहावरची दाखवली होती. देव, दुखणं, मरण यांत भर पडली ती परग्रहाची. पृथ्वीवरच्या, धडधाकट, सकाळची गाडी पकडणाऱ्या बाईला अजून जागा नाही.

निषेधातही तेच. केरळात 31 मार्च 2025 रोजी आशा कार्यकर्त्यांनी तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर मानधनासाठी केस कापले, काहींनी मुंडन केलं. महाराष्ट्रात मुंडन आंदोलन आपण नेहमीच पाहतो. त्या बायकांच्या धैर्याला माझा सलाम आहे. पण ते आंदोलन चटका लावतं कशामुळे? बाईचं भादरलेलं डोकं म्हणजे घरात कोणी तरी गेलं, हे बघणाऱ्याच्या मनात आधीच बसलेलं असतं म्हणून. ते मनातून काढायचं असेल, तर भादरलेल्या डोक्याची हसती-खेळती बाई रोजच्या रस्त्यावर दिसायला हवी. ते काम मोर्चात होत नाही, ते तुमच्या दुकानात होतं.

तुमच्या दुकानात माझ्यासारखीचं काय होतं, ते आता सांगते. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण त्यांचा दोष नाही आणि तुमच्यापैकी पुष्कळांकडे हेच झालं असतं.

मी आत गेले तेव्हा बाकावर बसलेल्यांनी सरकून जागा केली. त्यांना वाटलं, मुलाला घेऊन आले असेन. मी म्हटलं, मलाच करायचं आहे, झिरो. कारागीर उत्तरेकडचा होता. त्याने मालकाकडे बघितलं. मालकाने विचारलं, "ताई, घरी विचारलंय ना?" त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, भीती होती. उद्या माझा नवरा किंवा भाऊ दुकानात येऊन भांडला तर, ही. मी म्हटलं, मी पगार स्वतःचा घेते, डोकंही स्वतःचं आहे. ते म्हणाले, लेडीज पार्लर पुढे आहे, तिथे जा. पार्लरमध्ये बाईंनी मला बॉयकटचे चार फोटो दाखवले आणि टक्कल करायला साफ नकार दिला. "तुम्ही नंतर रडाल, मग माझ्यावर येईल." शेवटी स्टेशनजवळच्या एका मोठ्या युनिसेक्स सलूनने केलं, पण त्याच मशीनच्या त्याच चार मिनिटांचे माझे पैसे शेजारच्या खुर्चीतल्या मुलाच्या कितीतरी पट होते. विचारलं तर म्हणाले, लेडीज रेट.

आता मी एका छोट्या दुकानात जाते. तिथल्या दादांनी पहिल्या वेळी फक्त एवढंच विचारलं, "मशीन की वस्तरा?" मग नवं ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं, पाण्याचा फवारा मारला, आणि आधी सुलट्या हाताने, मग उलट्या हाताने काम सुरू केलं. कानामागच्या खळग्यात त्यांनी वस्तऱ्याचा वेग कमी केला. टाळूपाशी आल्यावर ते थबकले. म्हणाले, "ताई, तुम्हाला दोन भोवरे आहेत." मी म्हटलं, मग दोन लग्नं होणार म्हणायची. ते हसले, बाकावरचे दोघे हसले, आणि दुकानातला अवघडलेपणा तिथेच संपला. मानेवर तुरटी फिरवून त्यांनी पुरुषांना लावतात तेवढेच पैसे सांगितले. मी इतकी वर्षं वेणी वागवली, पण माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दुकानातून बाहेर पडून बसची वाट बघत उभी राहिले, तेव्हा समुद्राकडचा खारा वारा वस्तरा फिरलेल्या टाळूला पहिल्यांदा थेट लागला. हे सुख सांगून समजायचं नाही. दोन-तीन दिवसांनी खुंट उशीच्या अभ्र्याला आणि ओढणीला अडकायला लागतात, हे दुःखही सांगून समजायचं नाही. ही रोजची, साधी, शरीराची गोष्ट आहे. तिच्यात क्रांती शोधायची ज्याला असेल त्याने शोधावी.

आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधून पहाटे मोगरा, सोनचाफा दादरच्या बाजाराला जातो आणि संध्याकाळी गजरा होऊन कुणाच्या तरी अंबाड्यावर बसतो. माझ्या शेजारच्या काकी गंमतीने म्हणतात, तुझ्यासारख्या वाढल्या तर आमच्या मोगऱ्याचं काय? मी त्यांच्याकडून गजरा घेते आणि मनगटाला बांधते. त्यांचा धंदा बुडत नाही. लांब केसांशी माझं वैर नाही. जिला गुडघ्यापर्यंत वेणी हवी, तिने ती जपावी. माझं म्हणणं एवढंच आहे की सुंदर दिसायची एकच वाट ठेवू नका.

तुमच्या कामात एक विसंगती मला रोज दिसते. वर्षाच्या आतल्या मुलीचं जावळ तुम्ही काढता. पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून आई तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत घेऊन येते, तुम्ही सगळे केस उतरवता, कोणी काही म्हणत नाही. तीच मुलगी सोळा वर्षांची होऊन स्वतःच्या पायांनी येते आणि म्हणते, "आखूड करा," तेव्हा तुम्ही विचारता, आईला विचारलंस का? तीस वर्षांची होऊन येते, तेव्हा नवऱ्याला विचारलंस का? तिला बोलता येत नव्हतं तोवर तिचे केस कापायला कोणाची हरकत नव्हती. ती बोलू लागली आणि हरकत सुरू झाली.

आणखी एक वर्ग तुमच्याकडे येतो, किंवा यायला लाजतो. केमो सुरू झाल्यावर झुपक्यांनी केस जाऊ लागलेल्या बाया. चाई पडलेल्या मुली. उशीवरचे केस वेचत बसण्यापेक्षा एकदाच काढून टाकावेत, असं त्यांना वाटतं. पण पुरुषांच्या दुकानात शिरायची हिंमत होत नाही आणि पार्लरवाली घाबरते. मग घरीच, न्हाणीघरात, नवऱ्याच्या ट्रिमरने ते काम उरकलं जातं. तुमच्या दाराशी आलेल्या अशा बाईला आत घेणं, खुर्ची थोडी आडोशाला लावून देणं, याला पैसे पडत नाहीत.

कायद्याचीही बाजू सांगून ठेवते. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांना आळा घालणाऱ्या 1989 च्या कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने जबरदस्तीच्या मुंडनाचा स्पष्ट उल्लेख घातला गेला. गावकी आणि पंचायतींनी बाईला अद्दल घडवायला तिचं डोकं भादरण्याचे प्रकार देशात आजही ऐकू येतात. अशा वेळी कोणी तुम्हाला बोलवायला आलं, तर 1890 आठवा आणि वस्तरा पेटीत ठेवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने तो राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्या ठरावात केशवपन नाही, कारण ते आता घडत नाही. ते घडत नाही यात तुमच्या वाडवडिलांचा वाटा आहे.

शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरसासगिरीच्या शांताबाई यादवांचं नाव घेते. नवरा नाभिक, तो ऐंशीच्या दशकात वारला. पदरात चार मुली. गावातल्या हरिभाऊ कडूकरांनी सुचवलं, आणि या विधवेने नवऱ्याचाच वस्तरा उचलला. लोक हसले, नावं ठेवली. तिने पुरुषांच्या दाढ्या केल्या, म्हशी भादरल्या, पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं केली. शंभर वर्षांत वस्तरा केवढा फिरून आला बघा. एके काळी विधवेच्या डोक्यावर लादला जाणारा तो तिच्याच हातात आला, आणि गावातले पुरुष मान खाली घालून तिच्यापुढे बसले. तुमच्या धंद्याने आधीच एवढं पचवलेलं आहे. मग एक बाई गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसली, तर आभाळ कोसळायचं कारण नाही.

म्हणून मागण्या थोड्याच आहेत. ज्या दुकानात जागा आहे तिथे "लेडीज-जेन्ट्स दोन्ही" एवढी ओळ पाटीवर वाढवा. मशीन किंवा वस्तरा मारण्याचा दर डोक्यावर ठेवा, डोकं बाईचं की पुरुषाचं यावर नाही. हाताखालच्या नव्या कारागिराला हे शिकवा की बाईच्या डोक्याला वेगळा वस्तरा लागत नाही. बाकावरच्या कोणी टवाळी केली तर त्याला आवरा, दुकान तुमचं आहे. कोणी नवरा भांडायला आलाच, तर त्याला सांगा की सज्ञान बाईने सांगितलेलं काम आम्ही केलं. आणि एखादी मुलगी रडत, कोणीतरी ओढत आणलेली दिसली, तर मात्र ते काम करू नका, मग आणणारा कोणीही असो आणि पैसे कितीही देवो. या दोन्ही वेळी विचारायचं तिलाच आहे.

तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हे पत्र कोणीतरी वाचून दाखवावं, अशी विनंती आहे. आणि या आठवड्यात एखादी बाई दाराशी घुटमळताना दिसली, तर तिला आत बोलवा, कापड झटकून खुर्ची पुढे करा, आणि घरी विचारलंय का, हे न विचारता फक्त एवढंच विचारा, "ताई, किती नंबर लावू?"

आपली,
एक कायमची गिऱ्हाईक,
कळंब, ता. वसई, जि. पालघर